पाच पायांच्या नाकतोड्याचा अर्ज

विषय : मी खोटा आहे हे मान्य होण्याबाबत.

संदर्भ : गळमंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात 'हुबेहूब' विभागात मांडलेला आणि सध्या चिटणिसांच्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेला नाकतोडा.

वरील विषयास अनुसरून कळवतो की, संदर्भातला तो नाकतोडा मीच बोलतोय. बोलणे कचेरीतले वाटले तर दोष माझा नाही. या खणात माझ्या एका बाजूला रबरी शिक्के आहेत, दुसऱ्या बाजूला टाचण्यांची डबी आहे आणि समोर एक ब्लेड आहे. शिक्क्यांच्या संगतीत भाषा अशी होते. ब्लेडचे पुढे येईलच.

आधी खुलासा. मी नाकतोडा नाही, नाकतोड्याचे सोंग आहे. मासे पकडणाऱ्यांपैकी काही लोक, म्हणजे आमचे गळमंडळवाले, गळाला गांडूळ लावत नाहीत. ते गळावर दोरा, पिसे, केस गुंडाळून किडा बनवतात आणि तो पाण्यावर सोडून माशाला फसवतात. यावरून त्यांच्याकडे वेळ बराच असतो असे दिसते. या बनावट किड्यांत दोन जाती आहेत. एक शोभेचे : रंगीबेरंगी पिसांचे, तुरेदार, आरशासमोरून हलायला तयार नसल्यासारखे. असला किडा निसर्गात कुठे नसतो आणि त्याला पाण्यात कुणी टाकतही नाही, कारण भिजला तर तुरा बसतो. दुसरी जात हुबेहूब. यांचे काम एकच, बघणाऱ्याने दचकावे. मी त्या जातीतला. चांगला जमलो आणि आता ते भोगतोय.

वाचकहो, तुम्हीसुद्धा या क्षणी मनात म्हणत असाल, हा इतके बोलतोय म्हणजे खराच असणार. मला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो. तुम्हाला त्यातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही.

माझा कर्ता कवळ्या बनवतो. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे प्लास्टरचे जबडे मांडून तो दिवसभर दात घासत असतो, दुसऱ्यांचे. सगळे त्याला कवळीवाले म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्यांच्या धंद्यात कौतुकाची सोय नाही. कवळी जमली तर ती कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आली म्हणजे जमलेली नसते. रस्त्यात एखादा माणूस मोकळेपणाने हसला की कवळीवाले त्याच्या तोंडाकडे बघतात आणि गप्प पुढे जातात. ते हसू आपण बनवले आहे हे सांगायचे नसते. त्यांची इच्छा फार मोठी नव्हती. एकदा तरी चारचौघांत कुणीतरी म्हणावे : हे खोटे आहे, आणि हे यांनी केले आहे.

त्यासाठी मी.

सुरुवात अशी झाली. एका रविवारी सकाळी कवळीवाल्यांच्या घरी बाई खिडकीचा पडदा झटकत होत्या. बाई म्हणजे त्यांची बायको. पडद्यातून एक मेलेला नाकतोडा जमिनीवर पडला.

"ई! अहो, हे बघा काय पडलंय. केर भरायच्या आत उचला."

कवळीवाल्यांनी तो चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला आणि त्यांचा आवाजच बदलला. "हा फेकायचा नाही."

"मग काय चौकट करून भिंतीवर लावू?"

"हिरवा बघ किती आहे. अगदी ताजा."

"भाजी आहे का ती?"

जेवणाच्या टेबलाच्या कडेला कवळीवाल्यांनी दोन छोटे व्हाइस, म्हणजे स्क्रूच्या पकडी, आवळले. एकात जुना गळ पकडला आणि त्यावर तो मेलेला नाकतोडा डिंकाने चिकटवला, म्हणजे हवा तसा तिरका उभा राहील. दुसऱ्यात नवा गळ पकडला. तो माझा कणा. एक बघायचा आणि दुसरा करायचा, दोघेही एकाच तिरकसपणाने, ही त्यांची पद्धत. कचेरीच्या भाषेत तो मूळ प्रत आणि मी नक्कल. मी त्याला मूळ म्हणतो. त्याने मला काहीच म्हटले नाही.

गळावर आधी दोऱ्याचे वेढे पडले. मग पोटासाठी रबरी चपलेचा तुकडा आला, त्यावर दोरा आवळून वळ्या पाडल्या. पंख कोंबडीच्या पिसाचे, डिंक पाजून ताठ केलेले. पाय पिसांच्या काड्यांचे, आणि गुडघा दिसावा म्हणून प्रत्येक काडीला एक गाठ. डोळ्यांसाठी गळाच्या नायलॉन दोऱ्याचे, म्हणजे तंगुसाचे टोक मेणबत्तीजवळ धरले, ते वितळून गोल झाले, गोल काळे रंगवले. पहिला डोळा बसला तेव्हा मला समोर मूळ दिसला. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मेलेल्याला दुसरीकडे बघता येत नाही हे मला कुणी सांगितले नव्हते. माझा संशयी स्वभाव तिथून सुरू झाला.

संशय तसा घरातही होता. बाईंच्या एका चपलेच्या टाचेला चौकोनी भोक पडले, तेव्हा त्यांनी उंदरावर ठपका ठेवला. मग उंदीर एवढे सरळ कुरतडत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे कवळीवाल्यांच्या खिशात नेलपॉलिशची बाटली सापडली. बिनरंगी होती, माझ्या पाठीला चकाकी आणायला. पण बाई स्वतः कधी नेलपॉलिश लावत नसत.

"ही कुणाची?" बाईंनी विचारले.

"नाकतोड्याची."

बाईंनी ताटे मांडली, आणि पुढचे काही दिवस घरात फक्त ताटेच बोलत होती. खरे उत्तर इतके वाईट असू शकते हे मी तेव्हा शिकलो.

त्याच सुमारास कवळीवाल्यांचे साडू त्यांच्याकडे राहायला आले होते, त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून. साडू म्हणजे बाईंच्या ताईचे यजमान. तेच गळमंडळाचे चिटणीस. शोभेच्या विभागात पहिले बक्षीस दरवर्षी त्यांनाच मिळते आणि ते कसे मिळाले हे घरच्यांना दर जेवणाला ऐकायला मिळते. त्यांचा दाढीचा ब्रश न्हाणीघराच्या खिडकीत असे. उत्तम ब्रश, लांब, लवचीक केसांचा. मला मिशा हव्या होत्या. पुढचे सांगायला नको.

"माझ्या ब्रशाला कुणीतरी हात लावलाय," साडू गालाला फेस लावलेल्या अवस्थेत बाहेर येऊन म्हणाले. "केस कमी झालेत."

"भाऊजी, केस काय, आपोआपही कमी होतात," बाई म्हणाल्या. साडूंच्या डोक्यावर त्याचा पुरावा होता.

"हसण्यावारी नेऊ नका. मला मोजता येतं."

"ब्रशाचे केस मोजता तुम्ही?"

"मोजत नाही. कळतं मला."

कवळीवाले पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढेच. साडूंनी ती गोष्ट आजपर्यंत सोडलेली नाही. कुठल्याही समारंभात दोन घोट चहा पोटात गेला की ब्रश निघतोच, आणि घरातले सगळे छताकडे बघू लागतात.

मी पुरा होत आलो तेव्हा बाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि न राहवून वाकून पाहिले. अबोला अजून चालू होता, पण नाकतोड्याविषयी बोलणे त्यांनी त्यात धरले नसावे.

"याला पाचच पाय?"

"त्याला पाचच आहेत," कवळीवाल्यांनी मूळकडे बोट दाखवले.

"त्याचा एक पडदा झटकताना तुटला असेल. नाकतोड्याला सहा असतात, शाळेतली मुलंसुद्धा सांगतील."

"समोर नाही ते मी करणार नाही."

"अहो, तुमचा धंदाच मुळी पडलेले दात बसवायचा!"

"तो धंदा. जन्मभर जे नाही ते बसवत आलोय. इथे जे आहे तेच करणार."

"एका पायाने काय बिघडतं?"

"मग तो हा राहत नाही."

बाईंनी कप उचलला. "चहा प्या आधी, निवतोय," म्हणाल्या. ती त्यांची माघार होती की तंबी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तर असा मी पाच पायांचा. डावीकडचा मधला पाय नाही. मूळचाही तोच नाही.

प्रदर्शन गळमंडळाच्या लांबट खोलीत भरले. भिंतीला टेबले लावलेली, त्यांवर पांढरे कागद, कागदांवर किडे. साडूंचे शोभेचे किडे मध्यभागी, पंखा त्यांच्यावरून दुसरीकडे वळवून घेतलेला. कवळीवाल्यांनी काचेच्या एकाच डबीत मूळला आणि मला आपापल्या गळांसकट शेजारी शेजारी उभे केले आणि खाली पुठ्ठा लावला : 'यातला एक खरा, एक मी बांधलेला. ओळखा.'

इथे माझ्या कर्त्याचे चुकले. मेलेल्याचा हिरवा रंग टिकत नाही. एवढ्या दिवसांत मूळ वाळक्या गवतासारखा पिवळट झाला होता. रोज बघणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. मी मात्र त्याच्या पहिल्या दिवशीच्या रंगात तसाच उभा होतो.

परीक्षक दोन. एक चिटणीस साडू, दुसरे मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे दाताचे डॉक्टर, ज्यांच्याकडे कवळीवाले काम करतात.

"यात ओळखायचं काय?" साडू डबीवर वाकून म्हणाले. "हा पिवळा आमच्या साडूंनी केलेला. रंगच जमला नाही. हिरवा खरा. बघा ना, आत्ता उडी मारील."

"पंख मात्र छान जमलेत पिवळ्याचे," डॉक्टर म्हणाले. "शिरा बघा, अगदी खऱ्यासारख्या."

"प्रयत्न चांगला आहे," साडूंनी मोठ्या मनाने मान्य केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला.

कवळीवाले पुढे आले. ते लाजले होते आणि खूश होते. असे एकत्र मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिले. "चुकलं. हिरवा माझा. पिवळा खरा."

खोलीत कुणीतरी हसले. मग सगळेच हसले, आणि ते साडूंवर हसले. माझ्या मते तिथेच सगळे बिघडले. साडू असतो तो एक वेळ हरेल, पण साडूपुढे नाही.

"खरा? बघू की," साडू म्हणाले. त्यांनी ब्लेड आणवले आणि कुणी काही म्हणायच्या आत मूळ मधोमध कापला. आत वाळका भुगा निघाला. डॉक्टरांनी भिंगातून पाहून मान हलवली, खरा होता. मूळ माझ्याशी कधी बोलला नव्हता, पण शेजार होता. त्या दिवसापासून डबीतली माझी उजवी बाजू रिकामी आहे.

मला वाटले, आता तरी संपले. पण साडू सरळ उभे राहिले. "म्हणजे एक खरा निघाला. आणि हा दुसरा त्याच्याहून खरा दिसतो. मग हा बनावट कसा? दोन्ही खरेच आहेत."

"अहो, मी बांधलाय तो!"

"पाच पायांचा? बांधणारा माणूस पाच पाय बांधेल? सहावा बांधायला दोरा संपला होता का?"

"त्याला पाच होते म्हणून मी..."

"तेच म्हणतोय मी. दोघांचा तोच पाय गेलेला, एकाच बाजूचा! साडूभाऊ, तुम्ही दोन नाकतोडे पकडलेत, एकाचा पाय पडलेला होता, दुसऱ्याचा तुम्ही तोडलात. जोडी दिसावी म्हणून."

हसणारे डबीवर वाकून पाय मोजू लागले. आरोप इतका बारकाईचा होता की तो खराच वाटला. मंडळात नियम आहे : खरा किडा बनावट म्हणून मांडणाऱ्याला कायमचे काढायचे. डॉक्टर वातावरण हलके करायला म्हणाले, "काय हो, कवळ्यांतसुद्धा खरे दात नाही ना बसवत?" कुणी हसले नाही. मग स्वतः डॉक्टरही हसले नाहीत, आणि त्या आठवड्यात दवाखान्यातले काही साचे दुसऱ्या कवळीवाल्याकडे गेले.

उपाय सोपा होता आणि साडूंनी तो लगेच सांगितला. मलाही कापायचे. आत चप्पल निघाली तर कवळीवाले सच्चे, पण मग मी उरत नाही. न कापावे तर मी आहे, पण ते लबाड. साडूंनी ब्लेड त्यांच्याच हातात दिले. "घ्या. तुमचं तुम्हीच करा. उगाच आमच्यावर नको."

कवळीवाल्यांनी मला तळहातावर घेतले. प्लास्टरच्या वासाचा तो हात मी ओळखतो. माझा गुडघा बांधताना तो एकदाही हलला नव्हता. पाते माझ्या पोटापाशी आले. मी त्यांचाही संशय घेतला हे कबूल करायला हवे. मनात म्हटले, कुणालाही स्वतःची अब्रू चपलेच्या तुकड्याहून मोठीच असणार.

त्यांनी ब्लेड टेबलावर ठेवले. "मी अर्ज देतो," ते म्हणाले. "न कापता ठरवा."

अर्ज त्यांनी दिला. तेव्हापासून मी या खणात आहे. खरा किडा म्हणून माझी नोंद झाल्यामुळे माझ्या अंगाला मुंग्या लागू नयेत अशी काळजी घेतली गेली आणि शेजारी डांबरगोळी ठेवली गेली. तरी एक मुंगी आलीच. तिने माझ्या पायावर मिशा टेकवल्या, पोटाचा वास घेतला आणि वळून निघून गेली. एवढ्या सगळ्यांत ती एकटीच जाणकार निघाली. पण मुंगीचा दाखला मंडळ ग्राह्य धरत नाही. कुणी म्हणेल, पाण्यात टाकून बघा, मासा ठरवील. मासा मला गिळेल, म्हणजे तोही साडूंच्याच बाजूने मत देईल.

अर्जाची सुनावणी झाली तेव्हा मला डबीसकट टेबलावर काढले होते. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे क्ष-किरणाचं यंत्र आहे. दातांचा काढतो तसा याचा फोटो काढू. गळ पोटातून गेलेला दिसला की झालं."

"तुमच्याच दवाखान्यात, तुमच्याच माणसाच्या वस्तूचा?" साडूंनी फक्त एवढेच विचारले. डॉक्टर टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याशी खेळू लागले.

तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या. हातात कापडी पिशवी होती. कवळीवाले उठून उभे राहिले. "तू कशाला आलीस?"

"तुम्ही बसा." बाईंनी पिशवीतून एक चप्पल काढून टेबलावर ठेवली. टाचेला चौकोनी भोक होते.

"अहो वहिनी, ही काय..." डॉक्टरांनी पेला बाजूला घेतला.

"या भोकातला तुकडा याच्या पोटात आहे. रंग जुळवून बघा, पोटाखाली रंग लावलेला नाही." मग नेलपॉलिशची बाटली आली. "ही याच्या पाठीवर आहे. या बाटलीपायी मी यांच्याशी कित्येक दिवस बोलले नाही. मला वाटलं, काहीतरी भलतंच आहे. पण मी रोज त्या टेबलापाशी चहा ठेवत होते. याच्या एकेका पायाला गाठ मारताना मी बघितलंय. पाच गाठी. सहावा बांधा म्हणून मीच म्हटलं होतं. ऐकलं नाही यांनी." त्या दम घ्यायला थांबल्या आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे खोटं आहे. आणि हे यांनी केलंय."

खोलीत चारापेक्षा जास्त माणसे नव्हती. पण चारचौघांत म्हणायला तेवढी पुरतात. कवळीवाले बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले, जसे ते रस्त्यात हसणाऱ्यांकडे बघतात. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

"चप्पल घरची, साक्षीदार घरचा," साडू म्हणाले. "बाहेरचा पुरावा हवा. आमच्या घरचा असता तर गोष्ट वेगळी."

"आहे ना, भाऊजी," बाई म्हणाल्या. "याच्या मिशा. त्या तुमच्या ब्रशाच्या आहेत."

साडू अर्धवट उठले. "मी म्हणत होतो! मी किती महिने म्हणतोय, केस कमी झालेत म्हणून! ऐका डॉक्टर, ऐका!" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. आयुष्यात इतका मोठा न्याय त्यांना कधी मिळाला नव्हता. मग त्यांची नजर माझ्यावर आली, माझ्या मिशांवर स्थिरावली, आणि त्या आनंदावर हळूहळू सावट आले.

कारण मिशा ब्रशाच्या असतील तर मी बनावट, आणि सगळ्यांदेखत दिलेला निकाल चुकीचा. मी खरा असेन तर ब्रशाला कुणी हात लावला नव्हता, आणि इतक्या महिन्यांची तक्रार खोटी. साडूंना दोन्ही हवे होते.

"तर मग मिशा ब्रशाच्या, हे चिटणीस मान्य करतात का?" डॉक्टरांनी विचारले. ते बिचारे खरेच विचारत होते.

साडू खाली बसले. त्यांनी डबीचे झाकण लावले. "ब्रशाचा प्रश्न आणि नाकतोड्याचा प्रश्न वेगळे काढावे लागतील," ते म्हणाले. "अभ्यास करावा लागेल."

बाईंनी चप्पल पिशवीत टाकली. जाता जाता कवळीवाले म्हणाले, "नवीन आणतो तुला." "राहू दे," बाई म्हणाल्या, "ही जोडी पुरावा म्हणून ठेवते." दार लागेपर्यंत त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते. पुढे काय बोलले ते कळले नाही. पण दोघे बोलत होते.

मी पुन्हा खणात आहे. ब्लेडही आहे. अर्ज मान्य झाला तर मी डबीतून बाहेर येईन आणि माझ्याखाली कवळीवाल्यांचे नाव लागेल. अमान्य झाला तर कापून बघायला ब्लेड आहेच. या जगात कचेरीच्या दिरंगाईचा फायदा झालेला मी बहुधा एकटाच, म्हणून घाईची विनंती करताना माझी जीभ अडखळते. तरीही करतो. खण उघडलाच तर, वाचकहो, माझ्या पोटाखाली बघा. तिथे रंग लावलेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुणावरच ठेवू नका, फक्त बघा.

साडू अधूनमधून खण उघडतात, दाढीचा ब्रश माझ्याशेजारी धरतात, बघतात, आणि खण लावून टाकतात. शेरा अजून लिहिलेला नाही.

अर्ज प्रलंबित आहे.